वैफल्यरसमीमांसा : अर्वाचीन भयपट आणि विज्ञानपट यांच्या विशेष संदर्भात

शास्त्रग्रंथाच्या आरंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी या चार अनुबंधांचे कथन करावे, असा शिष्टसंप्रदाय आहे. प्रस्तुत निबंधाचा विषय, अलीकडचे भयपट व विज्ञानपट पाहून प्रेक्षकाच्या ठायी उत्पन्न होणारी निराशा. प्रयोजन, त्या निराशेचे स्वरूप, भेद आणि कारणे यांचा निर्णय. संबंध प्रतिपाद्य-प्रतिपादकाचा, म्हणजे निराशा प्रतिपाद्य आणि निबंध तिचा प्रतिपादक. निबंध जनक आणि निराशा जन्य असा विपरीत संबंध वाचकाने कल्पू नये. अधिकारी कोण, याविषयी मात्र थोडा विस्तार आवश्यक आहे. ज्याने स्वतःच्या पैशाने तिकीट काढले, जो दिवे मालवण्यापूर्वी आसनस्थ झाला, आणि ज्याने त्या चित्रपटाविषयी निदान एका व्यक्तीस "भारी असणार" असे आधीच सांगून ठेवले होते, तो मुख्य अधिकारी. फुकट पासावर आलेला, मेहुण्याच्या आग्रहास्तव आलेला आणि केवळ वातानुकूलनासाठी आलेला, हे तिघे गौण अधिकारी होत. त्यांना निराशा होत नाही. फार तर डोके दुखते.

भयपट आणि विज्ञानपट या दोन भिन्न जातींचा एकाच निबंधात विचार का, असा आक्षेप संभवतो. त्याचे उत्तर प्रत्यक्ष प्रमाणाने देता येते. जॉन कार्पेंटर यांच्या 'हॅलोवीन' (१९७८) या चित्रपटात सुरा घेऊन हिंडणाऱ्या मायकेल मायर्सच्या तोंडावर जो पांढरा मुखवटा आहे, तो मुळात 'स्टार ट्रेक'मधील कॅप्टन कर्कचा बाजारी मुखवटा असून त्यास पांढरा रंग दिलेला आहे. अर्थात भयपटाचे मुख तेच विज्ञानपटाचे मुख, हे अभेदप्रतिपादन निर्मात्यांनी स्वतःच केलेले आहे. आक्षेपकाने यापुढे मौन पाळावे.

भरतमुनींनी आठ रस सांगितले. शांताची नववा म्हणून गणना पुढे झाली. भयानकाचा स्थायी भाव भय, अद्भुताचा विस्मय. भयपटाने पहिला आणि विज्ञानपटाने दुसरा निष्पन्न करावा, अशी शास्त्राची अपेक्षा. परंतु प्रेक्षागृहात बसून निरीक्षण केले असता या दोहोंच्या स्थानी तिसराच रस निष्पन्न होताना आढळतो. आणि तो इतक्या सातत्याने व इतक्या निर्विघ्नपणे होतो की त्यास स्वतंत्र रसपद नाकारणे हा केवळ परंपरेचा हट्ट ठरेल. त्याचे लक्षण असे : टीझर-पोस्टरादी विभावांनी उद्दीप्त, मोबाइलदर्शनादी अनुभावांनी प्रतीत आणि आळस, निद्रा, पश्चात्तापादी संचारी भावांनी परिपुष्ट झालेली अपेक्षा म्हणजे वैफल्यरस. येथे स्थायी भाव अपेक्षा आहे, निराशा नव्हे, हे सूक्ष्मपणे ध्यानी घ्यावे. निराशा स्थायी असती तर मनुष्य पुढच्या शुक्रवारी पुन्हा गेलाच नसता.

भरतांनी प्रत्येक रसास वर्ण आणि देवता दिली आहे. भयानक कृष्णवर्ण, देवता काल. अद्भुत पीतवर्ण, देवता ब्रह्मा. वैफल्याचा वर्ण निळसर राखाडी, कारण अलीकडे भुताचा वाडा असो वा शनीचा उपग्रह, पडद्यावर याच वर्णाचे साम्राज्य असते. देवता वितरक.

सात्त्विक भावांचा विचार करू. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय हे आठ परंपरेने मान्य आहेत. त्यांपैकी रोमांच व वेपथू आजही प्रेक्षागृहात दिसतात, परंतु ते वातानुकूलन यंत्राचे कार्य होय, हे शाल पांघरताच सिद्ध होते. 'रसतरंगिणी'कार भानुदत्ताने या आठांत जृंभेची, म्हणजे जांभईची, नववा सात्त्विक भाव म्हणून भर घातली. भानुदत्ताच्या काळी चित्रपट नव्हता, हे लक्षात घेता त्याची दूरदृष्टी विस्मयकारक आहे; किंबहुना या संपूर्ण विषयात विस्मय उत्पन्न करणारी तेवढी एकच गोष्ट आहे.

वाचिक अनुभावांत तीन वाक्ये प्रमुख. "व्हीएफएक्स चांगले होते" हे मंद वैफल्याचे लक्षण. "सेकंड हाफमध्ये ढेपाळला" हे मध्यमाचे. येथे वक्ता पूर्वार्धास निर्दोष ठरवून तिकिटाच्या निम्म्या रकमेचे रक्षण करतो. तीव्र वैफल्याचे लक्षण "एकदा बघायला हरकत नाही" हे वाक्य होय. ज्याने तो पुन्हा कधीही पाहावयाचा नाही असा निश्चय केला आहे, तो, ज्याने अद्याप पाहिलेला नाही त्यास, हे वाक्य ऐकवतो. आणि ऐकणारा ते ऐकून तो कधीच पाहत नाही. अनुज्ञेच्या रूपाने निषेध करणारे असे दुसरे वाक्य मराठीत प्रस्तुत लेखकास आढळलेले नाही.

आता वैफल्य नेमके कोठे वसते, हा मूलगामी प्रश्न. रससूत्रावर जसे लोल्लट, शंकुक, भट्टनायक व अभिनवगुप्त यांचे चार पक्ष झाले, तसेच येथेही चार पक्ष आहेत. उत्पत्तिवादी म्हणतात, वैफल्य चित्रपटात उत्पन्न होते व तेथून प्रेक्षकात संक्रांत होते. हा पक्ष सरळ असून त्यामुळेच विद्वानांत अप्रिय आहे. भुक्तिवाद्यांच्या मते वैफल्य हे केवळ भोगाने सिद्ध होते, आणि तो भोग पॉपकॉर्नच्या मोठ्या डब्यासह घ्यावा; चित्रपट संपेपर्यंत डबा संपतो व दोन्ही रिकामेपणे एकरूप होतात. अभिव्यक्तिवादी मानतात की वैफल्य प्रेक्षकात वासनारूपाने पूर्वीपासूनच असते; चित्रपट त्यास केवळ प्रकट करतो. या पक्षाचे अनुयायी बहुधा चाळिशी ओलांडलेले असतात आणि "आमच्या वेळी" या दोन शब्दांनी त्यांचे मंगलाचरण होते.

चौथा अनुमितिवाद. हा अधिक विचारार्ह आहे, कारण याच्या अनुयायांना चित्रपट पाहावा लागत नाही. त्यांचे पंचावयव वाक्य असे. प्रतिज्ञा : हा चित्रपट वैफल्यवान आहे. हेतू : कारण याच्या नावापुढे आकडा आहे. उदाहरण : जेथे जेथे आकडा, तेथे तेथे वैफल्य. उपनय : हाही तसाच आकडायुक्त. निगमन : म्हणून हा वैफल्यवान. युक्तिवाद आकर्षक असला तरी 'टर्मिनेटर २' (१९९१) हा चित्रपट आकडायुक्त असूनही उत्तम असल्यामुळे हेतू सव्यभिचार ठरतो. त्यावर अनुमितिवाद्यांनी "१९९१ नंतरचा आकडा" असे विशेषण जोडून व्याप्ती शुद्ध केली. तेव्हापासून चित्रपटनिर्मात्यांनी आकडा लावण्याचेच सोडून दिले. १९७८, २००७ आणि २०१८ अशा तीन निरनिराळ्या वर्षांचे तीन चित्रपट 'हॅलोवीन' याच निर्विशेष नावाने विद्यमान आहेत. २०२२ चा 'स्क्रीम' हा वास्तविक पाचवा असून त्याचे नाव पहिल्याचेच आहे. हेतूचेच अपहरण झाल्यामुळे अनुमितिवाद सध्या संकटात आहे.

वैफल्याचे मुख्य भेद सात. सातवा कोणता, याविषयी मतैक्य नाही.

प्रथम भेद अतिव्याख्यानज. ज्ञेय वस्तू अज्ञात असताना जे भय अथवा विस्मय असतो, तो तिच्या सविस्तर स्पष्टीकरणाने नष्ट होणे, हे याचे लक्षण. हा सर्व वैफल्यांचा राजा होय आणि प्रस्तुत लेखकाच्या मते उरलेले सहा याचेच मांडलिक आहेत. मूळ 'हॅलोवीन'मध्ये मायर्स का मारतो, हे कोणी सांगत नाही. श्रेयनामावलीतही त्या मुखवट्याचा निर्देश 'द शेप', म्हणजे नुसती एक आकृती, एवढाच आहे. २००७ मध्ये रॉब झाँबी यांनी त्यास बालपण दिले. घरातील भांडणे, शाळेतील छळ, सारे यथासांग दाखविले. परिणामी, सुरा उगारलेला मायर्स दिसताच प्रेक्षकाच्या मनात पलायनाऐवजी समुपदेशनाचा विचार येतो, आणि भयानकाचा करुणात लय होतो. भरतांनी करुणाची उत्पत्ती रौद्रापासून सांगितली आहे, भयानकापासून नव्हे. तेव्हा ही प्रक्रिया अशास्त्रीयही आहे.

विज्ञानपटात याचे उदाहरण रिडली स्कॉट यांनी स्वतःच्याच चित्रपटावर घडविले. 'एलियन'मध्ये (१९७९) एका परक्या यानात आसनावर बसलेले एक प्रचंड जीवाश्मवत् कलेवर दिसते. ते कोणाचे, केव्हाचे, तेथे का, याचा एक शब्दही चित्रपटात नाही. प्रेक्षकांच्या अनेक पिढ्या त्या मौनावर पोसल्या. पुढे 'प्रोमिथियस'मध्ये (२०१२) ते कलेवर म्हणजे केवळ एक पोशाख असून आत गोरापान, टक्कल असलेला, माणसाच्याच घडणीचा एक दांडगा पुरुष असतो, असा खुलासा करण्यात आला. १९७९ ते २०१२ हे अंतर तेहेतीस वर्षांचे. भरतोक्त व्यभिचारी भावांची संख्याही तेहेतीसच आहे. हा योगायोग मानण्यास प्रस्तुत लेखक तयार नाही.

या भेदाचा प्रतियोगी 'जॉज' (१९७५). त्यातील यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात वारंवार बिघडत असे. स्टीव्हन स्पीलबर्ग यांना तो दाखविता येईना, म्हणून त्यांनी पाणी, पिंपे आणि लोकांचे चेहरे दाखविले. शार्क तासाभराहून अधिक काळ नीट दिसतच नाही, आणि त्या न दिसण्याने लोक समुद्रस्नानास घाबरू लागले. यास यंत्रवैगुण्यजन्य संयम म्हणावे. संगणकावर निर्माण केलेला प्राणी बिघडत नाही, गंजत नाही, बुडत नाही. तो दिग्दर्शकाच्या इच्छेनुसार कितीही वेळ दिसू शकतो, आणि दिसतो. संयमाचे कारणच नष्ट झाल्यावर संयम कोठून राहणार?

द्वितीय भेद मिथ्यान्तज. अंत घोषित करून तो न करणे. 'फ्रायडे द थर्टीन्थ'च्या चौथ्या भागाचे (१९८४) उपनाम 'अंतिम अध्याय' या अर्थाचे होते; पुढच्याच वर्षी पाचवा भाग आला, त्याचे उपनाम 'नवा आरंभ' या अर्थाचे. 'द लास्ट एक्झॉर्सिझम' (२०१०) म्हणजे शेवटचे भूतनिवारण. त्याचा दुसरा भाग २०१३ मध्ये निघाला. 'सॉ' मालिकेतील जॉन क्रेमर हा सूत्रधार तिसऱ्या भागात (२००६) मरण पावला, तरी दहाव्या भागात (२०२३) तो मुख्य भूमिकेत आहे. त्यासाठी कथाच पहिल्या व दुसऱ्या भागांच्या मधोमध नेऊन बसविण्यात आली. वेदान्तात अनादि परंतु सान्त आणि अनादि परंतु अनन्त असे भेद आहेत. सादि, पुनःपुन्हा सान्त आणि तरीही अनन्त अशी वस्तू पूर्वाचार्यांना ठाऊक नव्हती. येथे 'हॅलोवीन एंड्स'चा (२०२२) निर्देश अवश्य करावा. त्यात मायर्सचे कलेवर भंगारखान्यातील यंत्रात घालून चुरडण्यात आले. अंत खरोखरच करावयाचा निर्धार येथे दिसतो. परंतु तत्पूर्वीचा बहुतांश चित्रपट कोरी नावाच्या एका नवख्या तरुणाच्या मनोव्यथेस वाहिलेला असून, ज्याच्या अंतासाठी लोक आले तो मायर्स गटारात राहून प्रकृतीची काळजी घेताना दिसतो.

यावरूनच तृतीय भेदाकडे, विषयान्तरजाकडे, जाता येते. 'जुरासिक वर्ल्ड डोमिनियन'च्या (२०२२) आधीच्या चित्रपटाच्या शेवटी डायनोसॉर मानवी जगात मोकळे सुटले होते. आता नगरांत काय घडेल, या एका उत्कंठेवर प्रेक्षकाने चार वर्षे काढली. चित्रपटाने मुख्य संकट म्हणून टोळ सादर केले. अंगाने मोठे, जनुकपालट केलेले, एका कंपनीचे बियाणे सोडून इतरांची पिके फस्त करणारे, पण टोळच. विषय महत्त्वाचा आहे, यात शंका नाही; तथापि तो कृषी खात्याच्या अखत्यारीतील आहे. विदर्भातील प्रेक्षकाची स्थिती येथे विशेष अभ्यसनीय ठरते. मे २०२० मध्ये अमरावती, वर्धा व नागपूर जिल्ह्यांत टोळधाड प्रत्यक्ष येऊन गेली होती. त्याने ती विनामूल्य, त्रिमितीत आणि स्वतःच्या संत्र्यांवर पाहिलेली होती. त्यानंतर दोन वर्षांनी तीच पैसे देऊन पाहण्यात जे वैफल्य, त्यास पुनरुक्त-विषयान्तरज हा उपभेद द्यावा, अशी प्रस्तुत लेखकाची नम्र सूचना आहे. मालिकेच्या पुढच्या 'रीबर्थ'मध्ये (२०२५) सर्व अनर्थाचे मूळ एका चॉकलेटचे वेष्टन प्रयोगशाळेच्या दाराच्या यंत्रणेत ओढले जाणे, हे आहे. हे वेष्टन कचरापेटीत टाकले असते तर चित्रपट घडला नसता. स्वच्छतेच्या प्रचाराचे इतके खर्चिक साधन अन्यत्र दुर्लभ.

चतुर्थ भेद प्रज्ञालोपज. पात्र तज्ज्ञ म्हणून सादर व्हावे आणि त्या तज्ज्ञतेच्या अभावाने मरावे. 'प्रोमिथियस' हा या भेदाचा आकरग्रंथ होय. परग्रहावर उतरलेले वैज्ञानिक, हवा श्वसनयोग्य आहे एवढे कळताच शिरस्त्राणे काढतात. गुहेचा नकाशा करणारी यंत्रे ज्याच्याकडे आहेत तोच रस्ता चुकतो. जीवशास्त्रज्ञ फणा काढलेल्या अपरिचित प्राण्यास गोंजारू पाहतो. एका अवाढव्य चक्राकार यानाचे धूड गडगडत येत असता त्याच्याच मार्गावरून नाकासमोर धावण्याच्या क्रियेस ऋजुरेखापलायन अशी संज्ञा द्यावी. चार पावले डावीकडे सरकणे हा तिचा ज्ञात प्रतिकार आहे. 'एलियन : कव्हेनंट'मध्ये (२०१७) तर पथक शिरस्त्राणांवाचूनच उतरते. काढण्याचे श्रम वाचले, ही प्रगती नाकारता येत नाही. 'मूनफॉल'मध्ये (२०२२) चंद्र हा आतून पोकळ असून तो कोणीतरी बांधलेला आहे, असा सिद्धान्त मांडला जातो आणि तो खरा ठरतो. येथे प्रज्ञालोप पात्रांचा नसून कथेचाच आहे, म्हणून ते उदाहरण काही जण ग्राह्य धरत नाहीत.

पाचवा बसयोनी. 'कॅट पीपल' (१९४२) या चित्रपटात रात्री एकटी चालणारी स्त्री, मागे कोणीतरी असल्याचा भास, पावलांचा थांबलेला आवाज, आणि अकस्मात फुत्कार करीत चौकटीत घुसलेली बस. निर्माता व्हॅल ल्यूटन यांच्या नावावरून या युक्तीस 'ल्यूटन बस' म्हणतात. ती बस अद्याप थांब्यावर थांबलेली नाही. आज तिच्याऐवजी मांजर येते, फ्रिजचे दार बंद होऊन मागे उभी असलेली बहीण दिसते, खांद्यावर मित्राचा हात पडतो. प्रत्येक वेळी वाद्यवृंद एकदम कोसळतो. शास्त्रात भय हा स्थायी भाव आणि त्रास हा व्यभिचारी, म्हणजे क्षणिक भाव, असा स्पष्ट विवेक आहे. अर्वाचीन भयपटात त्रास विपुल होतो. भय होत नाही.

षष्ठ भेद शोकरूपकज. 'द बाबाडूक' (२०१४) व 'हेरेडिटरी' (२०१८) या चित्रपटांनी राक्षस हे दुःखाचे रूप आहे असे दाखविले. हे दोन्ही चित्रपट उत्तम आहेत, आणि येथे त्यांच्यावर दोषारोप नाही. दोष त्यांच्या शिष्यपरंपरेचा. त्यानंतर प्रत्येक भूत हे कोणाचे तरी अनिर्वाहित दुःख निघू लागले, आणि भूत पाहण्यास गेलेला प्रेक्षक दर वेळी एका कुटुंबाच्या खासगी गोष्टी ऐकून परतू लागला. जुन्या परंपरेत भूतबाधेवर लिंबू, बिब्बा, भगत आणि शेवटी गाणगापूर असा उपायक्रम होता. नव्या परंपरेत स्वीकार हा एकच उपाय. 'बाबाडूक'च्या अखेरीस राक्षस तळघरात ठेवून त्यास गांडुळे खाऊ घातली जातात. तळघर नसलेल्या वन बीएचके सदनिकांत हा उपाय अव्यवहार्य आहे.

सातव्या स्थानासाठी तीन भेद स्पर्धेत आहेत. त्यांतील पहिला हक्कमुक्तिज. 'विनी द पू' हे बालपुस्तक १९२६ चे. त्यावरील स्वामित्वहक्क अमेरिकेत १ जानेवारी २०२२ रोजी संपले, आणि २०२३ मध्ये तेच मधुप्रिय अस्वल हातोडा घेऊन माणसे मारू लागले. त्यात टिगर हा वाघ नव्हता, कारण तो ज्या १९२८ च्या पुस्तकात येतो ते मुक्त होण्यास २०२४ उजाडावे लागले. २०२४ च्या दुसऱ्या भागात वाघ यथाकाल उपस्थित झाला. राक्षसाचा जन्म शापाने, अतृप्त वासनेने अथवा प्रयोगशाळेतील अपघाताने होतो असे आजवर मानले जाई. तो वकिलाच्या दिनदर्शिकेने होतो, हे ज्ञान नवे आहे. दुसरा भेद विश्वबीजज : चित्रपट हा पुढील चित्रपटाची जाहिरात म्हणून अस्तित्वात येणे. 'द ममी' (२०१७) 'डार्क युनिव्हर्स' नामक विश्वाचा प्रथम चित्रपट म्हणून आला आणि ते विश्व तेथेच समाप्त झाले. उत्पत्ती आणि प्रलय यांत स्थितीस अवकाशच न मिळालेले हे एकमेव ज्ञात ब्रह्मांड. आपल्याकडे 'स्त्री' व 'मुंज्या' यांच्या निर्मात्यांनी जानेवारी २०२५ मध्ये २०२८ पर्यंतच्या आठ चित्रपटांचे वेळापत्रकच प्रसिद्ध केले. त्यांत दोन महायुद्धेही आहेत. अपेक्षा कोणत्या महिन्यात बाळगावी, हे प्रथमच पंचांगाच्या निश्चितीने कळू लागले, ही सोय मान्य करावी लागेल.

तिसरा चित्रतुरगज, आणि सप्तम पदावर याचाच अधिकार आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत. शंकुकाने सांगितले की चित्रातील घोडा पाहताना हा खरा, हा खोटा, हा संशयित अथवा हा सदृश यांपैकी कोणताच प्रत्यय येत नाही. तो घोडा म्हणूनच प्रतीत होतो. हा चित्रतुरगन्याय. संगणकनिर्मित प्राण्याच्या बाबतीत मात्र चारही प्रत्यय एकाच वेळी येतात, आणि पाचवा, "यास पैसे कमी पडले असावेत", हाही येतो. मूळ 'जुरासिक पार्क'मध्ये (१९९३) डायनोसॉर जेमतेम पंधरा मिनिटे दिसतात, आणि त्यांतही यांत्रिक पुतळ्यांचा वाटा मोठा. त्याच वर्षी महाराष्ट्रात 'झपाटलेला' आला. त्यातील तात्या विंचू हा रामदास पाध्ये यांच्या हातचा बाहुला होता. त्यास वजन होते, तो खरोखर कोठेतरी ठेवलेला असे. त्या पिढीतील मुले कपाटावरच्या बाहुल्यांची तोंडे भिंतीकडे करून झोपत. 'एलियन : रोम्युलस'मध्ये (२०२४) २०२० साली दिवंगत झालेल्या इयन होम यांचा चेहरा संगणकाने पुन्हा उभा करण्यात आला. मृताचे परतणे हा भयपटाचा सनातन विषय असूनही येथे भय उपजत नाही. ओठ आणि शब्द यांची संगती लागते का, एवढेच प्रेक्षक पाहत राहतो.

शास्त्रास बाधक अशा काही चित्रपटांचाही प्रामाणिकपणे निर्देश केला पाहिजे. नारायण धारपांच्या कथेतून प्रेरणा घेतलेला 'तुंबाड' (२०१८) हा त्यांतील एक. तो २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाला आणि पहिल्या खेपेहून अधिक चालला. 'गॉडझिला मायनस वन' (२०२३) हा दुसरा. हॉलिवुडच्या मानाने अल्प खर्चात केलेल्या त्या जपानी चित्रपटास दृश्यपरिणामांचे ऑस्कर मिळाले. अशा चित्रपटांस निराशेची पूर्ण तयारी करून गेलेला प्रेक्षक बाहेर पडताना गोंधळलेला दिसतो; त्याच्याजवळ बोलण्यास काही उरत नाही. निराशा न झाल्याची ही निराशा, हिला वैफल्याभास म्हणावे. ती विरळ असून आरोग्यास अपायकारक नाही.

चिकित्सा म्हणून अनेक जण जुन्या चित्रपटांचे पुनर्दर्शन सुचवितात. हा उपाय एकांतात करावा. रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर' (१९८४) ज्या मामाने बालपणी पांघरुणाच्या फटीतून पाहिला, तो आता तोच चित्रपट मोठ्या टीव्हीवर भाच्यास दाखवितो, आणि त्यातील राक्षस सामरी पडद्यावर येताच भाचा विचारतो, "मामा, ह्या काकांना काय झालंय?" या प्रश्नाने अभिव्यक्तिवादाचा पाया हादरतो, कारण वासना मामात आहे, चित्रपट तोच आहे, आणि तरीही अभिव्यक्ती होत नाही. अभिव्यक्तिवाद्यांचे उत्तर असे की दोष टीव्हीच्या आकाराचा आहे. गृहस्थाश्रमी प्रतिपक्षाचा आक्षेप यापेक्षाही कठीण. चित्रपटाहून परतलेल्या निराश अधिकाऱ्यास दारातच "मग गेलात कशाला?" असे विचारले जाते. या पूर्वपक्षाचे खंडन चारही पक्षांपैकी कोणासही साधलेले नाही. सामान्यतः हात-पाय धुवून पानावर बसणे हाच प्रघात आहे.

आता केवळ निद्रेचा प्रश्न उरतो. निद्रा हा तेहेतीस व्यभिचारी भावांपैकी एक असल्याने तिचे शास्त्रीयत्व निर्विवाद आहे. परंतु जो प्रेक्षक पूर्वार्धात झोपला, त्यास वैफल्याचा अधिकार आहे काय? एक पक्ष म्हणतो, ज्याने पाहिलेच नाही त्यास निराश होता येत नाही. दुसरा म्हणतो, निद्रा हीच वैफल्याची परमावधी, आणि जागा राहणारा साधकच अपूर्ण. निर्णय असा द्यावा लागतो. मध्यंतरात दिवे लागल्यावर झोपलेला जागा होतो आणि शेजाऱ्यास विचारतो, "काय झालं?" शेजारी म्हणतो, "काही नाही." या क्षणी दोघांचे ज्ञान समान होते, म्हणून अधिकारही समान मानावा. समोसे आणण्याची पाळी मात्र झोपलेल्याची.